सामाईक भिंत (इंग्लंड आणि वेल्स)

सामाईक भिंत म्हणजे दोन वेगवेगळ्या मालकांच्या मिळकतींच्या सीमेवर उभी असलेली आणि दोघांच्याही उपयोगाची भिंत होय. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा भिंतीवर, मिळकतीच्या सीमेवर किंवा शेजारच्या इमारतीच्या पायाजवळ करावयाच्या कामांचे नियमन 'पार्टी वॉल इत्यादी कायदा, १९९६' या कायद्यान्वये होते. घराच्या मागे नवी खोली जोडणे, पोटमाळ्याची राहती खोली करणे, तळघर खोदणे यांसारख्या वाढीव बांधकामांत या कायद्याचा वारंवार संबंध येतो. हा कायदा शेजाऱ्याला बांधकाम रोखण्याचा सर्वसाधारण अधिकार देत नाही. त्याचप्रमाणे बांधकाम करणाऱ्याला मोकळीकही देत नाही. शेजाऱ्याला आधी लेखी कळवावे, त्याच्या इमारतीचे रक्षण करावे आणि झालेले नुकसान भरून द्यावे, या अटींवर तो काम करण्याचा हक्क देतो.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील शहरांत रांगेने बांधलेली, एकमेकांना चिकटलेली घरे मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्यांतील बरीच घरे एकोणिसाव्या शतकातील असून त्यांचे पाये आजच्या मानाने उथळ आहेत. अशा दोन घरांमधील भिंत दोन्ही घरांच्या तुळया, धुराडी आणि छपरे पेलते. एका बाजूने भिंतीला खाच पाडली किंवा पायाशेजारी खोल चर खणला, तर त्याचा परिणाम दुसऱ्या बाजूच्या घरावर होऊ शकतो. भिंतीला तडे जाणे, पाया खचणे, ओल येणे, धुराड्यातील विटा ढासळणे हे यातील नेहमीचे धोके होत.

पूर्वापार सामान्य कायद्यानुसार शेजाऱ्याच्या मालकीच्या भागाला हात लावणे हा अतिक्रमणाचा प्रकार ठरत असे. त्यामुळे शेजाऱ्याची संमती नसेल तर भिंतीची आवश्यक दुरुस्तीही अडून राही. ही अडचण दूर करण्यासाठी आधी लंडनपुरते आणि पुढे सर्वत्र विशेष नियम करण्यात आले.

इतिहास

लंडनमधील सामाईक भिंतींचे नियम मध्ययुगापर्यंत मागे जातात. परंपरेने इ.स. ११८९ मधील मानल्या जाणाऱ्या इमारतविषयक नियमावलीत दोन शेजाऱ्यांनी प्रत्येकी दीड फूट जागा देऊन तीन फूट जाडीची आणि सोळा फूट उंचीची दगडी भिंत बांधावी, अशी तरतूद होती. एखाद्या शेजाऱ्याला खर्च झेपत नसेल तर त्याने आपली तीन फूट जागा द्यावी, दुसऱ्याने तीवर स्वखर्चाने भिंत बांधावी आणि भिंतीत दोघांचा निम्मा वाटा राहावा, असाही मार्ग त्यात होता. आगीचा फैलाव रोखणे हा दगडी भिंतीमागील एक प्रमुख हेतू होता.

इ.स. १६६६ च्या लंडनमधील भीषण आगीनंतर झालेल्या पुनर्बांधणीच्या कायद्याने घरांच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असणे सक्तीचे केले. सामाईक भिंत दोन्ही जागांवर समसमान आखावी, जो आधी बांधेल त्याने ती उभारावी आणि मागाहून बांधणाऱ्याने निम्मा खर्च दिल्याखेरीज तिचा उपयोग करू नये, असे त्यात ठरविण्यात आले. नंतर उपयोग करणाऱ्याने खर्चाचा वाटा उचलावा, हे तत्त्व आजच्या कायद्यातही टिकून आहे.

त्यानंतर इ.स. १७७४ आणि इ.स. १८५५ च्या कायद्यांनी लंडनमधील व्यवस्था अधिक तपशीलवार केली. इ.स. १९३९ च्या लंडन इमारत (सुधारणा) कायद्याच्या सहाव्या भागात नोटीस, सर्वेक्षक आणि निवाडा यांची पद्धत पूर्ण स्वरूपात आढळते. ती अंतर्गत लंडनपुरती मर्यादित होती. ती सर्व इंग्लंड आणि वेल्सला लागू करणारे विधेयक अर्ल ऑफ लिटन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खासगी सदस्याचे विधेयक म्हणून मांडले. १८ जुलै १९९६ रोजी त्याला राजसंमती मिळाली आणि १ जुलै १९९७ पासून कायदा अंमलात आला. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला तो लागू नाही.

प्रमुख संज्ञा

कायद्यात बांधकाम करू इच्छिणाऱ्यास 'बांधकाम मालक' आणि शेजाऱ्यास 'लगतचा मालक' अशा अर्थाच्या संज्ञा वापरल्या आहेत. मालक या संज्ञेत जमिनीचा पूर्ण मालक, एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाधारक आणि खरेदीचा करार केलेला खरेदीदार यांचा समावेश होतो. त्यामुळे एकाच शेजारघरासाठी एकाहून अधिक व्यक्तींना नोटीस द्यावी लागू शकते.

सामाईक भिंत दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात इमारतीचा भाग असलेली भिंत दोन्ही मालकांच्या जमिनीवर उभी असते. दुसऱ्या प्रकारात भिंत एकाच्याच जमिनीवर असते, पण ती दोन मालकांच्या इमारतींना विभागते. तिचा जेवढा भाग इमारतींना विभागतो तेवढाच सामाईक मानला जातो. इमारतीचा भाग नसलेली, परंतु दोन्ही जागांवर उभी असलेली कुंपणभिंत 'सामाईक कुंपणभिंत' ठरते. लाकडी कुंपण या व्याख्येत येत नाही. वरखाली असलेल्या सदनिकांमधील तक्तपोशी किंवा मजल्याचा थर यांचा समावेश 'सामाईक रचना' या व्यापक संज्ञेत होतो.

कायद्याच्या कक्षेतील कामे

कायद्याच्या कक्षेतील कामांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग सीमेवरील नव्या भिंतीचा आहे (कलम १). जेथे आधी भिंत नाही, तेथे सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवणारी भिंत बांधायची असल्यास शेजाऱ्याची लेखी संमती अनिवार्य असते. ती न मिळाल्यास भिंत पूर्णपणे स्वतःच्या जागेत बांधावी लागते. आवश्यक असल्यास तिच्या पायाचा भाग शेजाऱ्याच्या जमिनीखाली नेता येतो. मात्र लोखंडी सळयांनी किंवा तुळयांनी मजबूत केलेला विशेष पाया शेजाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय तेथे घालता येत नाही.

दुसरा वर्ग अस्तित्वात असलेल्या सामाईक भिंतीवरील कामांचा आहे (कलम २). भिंत उंच करणे, जाड करणे, दुरुस्त करणे, पाडून पुन्हा बांधणे, तिचा पाया खालून बांधून पक्का करणे, तुळई बसविण्यासाठी तिच्यात खाच पाडणे, ओल रोखणारा थर घालणे इत्यादी कामे यात येतात. फळी बसविण्यासाठी खिळे किंवा स्क्रू ठोकणे, गिलावा नव्याने करणे, विजेचा सॉकेट बसविणे यांसारख्या किरकोळ कामांसाठी नोटीस देण्याची आवश्यकता मानली जात नाही.

तिसरा वर्ग लगतच्या खोदकामाचा आहे (कलम ६). शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत तिच्या पायाच्या तळापेक्षा खोल खोदकाम करावयाचे असल्यास नोटीस द्यावी लागते. ६ मीटरच्या आतील खोदकामासाठी वेगळी कसोटी आहे. शेजारच्या इमारतीच्या बाहेरील पृष्ठभागाखाली, पायाच्या तळाच्या पातळीवरून ४५ अंशांत खाली उतरणारी रेषा कल्पावी आणि खोदकाम त्या रेषेला छेदत असेल तर नोटीस द्यावी. शेजारच्या घराचा पाया ०.६ मीटर खोल असल्यास ४ मीटर अंतरावर ही रेषा ४.६ मीटर खोलीवर असते. एक मीटर खोलीचा साधा चर तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पण सहा मीटर खोल जाणारा पायाचा खांब तिला छेदतो.

नोटीस

सामाईक भिंतीवरील कामासाठी किमान दोन महिने आणि सीमेवरील नवी भिंत किंवा लगतचे खोदकाम यांसाठी किमान एक महिना आधी लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे. नोटिशीत बांधकाम मालकाचे नाव व पत्ता, कामाचे स्वरूप आणि काम सुरू करण्याची नियोजित तारीख नमूद करावी लागते. खोदकामाच्या नोटिशीसोबत जागा व खोली दाखविणारे नकाशे जोडावे लागतात आणि शेजारच्या पायाला आधार देण्याचा विचार आहे की नाही, हेही सांगावे लागते. नोटीस समक्ष किंवा टपालाने देता येते. इ.स. २०१६ पासून स्वीकारणाऱ्याची तयारी असल्यास ती ईमेलनेही देता येते. भिंतीवरील कामाची किंवा खोदकामाची नोटीस दिल्यापासून बारा महिन्यांत काम सुरू न झाल्यास ती निष्प्रभ होते.

नोटीस देण्यासाठी विहित शासकीय नमुना किंवा शुल्क नाही. स्थानिक नगरपालिकेचा या प्रक्रियेत सहभाग नसतो. हा व्यवहार दोन मालकांमधील असल्याने तो पार पाडण्याची जबाबदारी बांधकाम करणाऱ्यावरच असते.

शेजाऱ्याचे पर्याय

भिंतीवरील कामाची किंवा खोदकामाची नोटीस मिळाल्यावर शेजारी लेखी संमती देऊ शकतो, असहमती कळवू शकतो किंवा उत्तरच न देता राहू शकतो. चौदा दिवसांत लेखी संमती न आल्यास दोघांमध्ये वाद उत्पन्न झाल्याचे कायदा गृहीत धरतो. येथे 'वाद' हा शब्द तांत्रिक अर्थाने वापरलेला असून त्यावरून भांडण झाले असे समजण्याचे कारण नाही. कामाच्या अटी तज्ज्ञांकरवी ठरवून घ्याव्यात, एवढाच त्याचा परिणाम होतो. मौन पाळल्याने काम कायमचे थांबत नाही. त्याचप्रमाणे मौन ही संमतीही ठरत नाही.

भिंतीवरील कामाच्या बाबतीत शेजाऱ्याला एका महिन्याच्या आत प्रतिनोटीस देऊन स्वतःच्या गरजेची काही जादा कामे त्याच वेळी करून मागता येतात. संमती देणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. संमतीनंतर नुकसान झाल्यास भरपाईचा हक्क अबाधित राहतो आणि पुढे मतभेद झाल्यास सर्वेक्षकांकडे जाण्याचा मार्गही खुला असतो.

सर्वेक्षक आणि निवाडा

वाद गृहीत धरला गेल्यावर दोन मार्ग असतात. दोन्ही मालक मिळून एकच 'संमत सर्वेक्षक' नेमू शकतात, किंवा प्रत्येकजण आपला सर्वेक्षक नेमतो आणि ते दोघे मिळून तिसऱ्या सर्वेक्षकाची निवड करतात. दोघांचे एकमत न झाल्यास तिसऱ्याकडे प्रश्न नेता येतो. लेखी मागणी करूनही शेजाऱ्याने दहा दिवसांत सर्वेक्षक न नेमल्यास बांधकाम मालक त्याच्या वतीने नेमणूक करू शकतो. कोणीही स्वतःच्या प्रकरणात स्वतः सर्वेक्षक होऊ शकत नाही. एकदा केलेली नेमणूक मालकाला रद्द करता येत नाही, कारण सर्वेक्षक हा मालकाचा वकील नसून कायद्याने सोपविलेले काम निःपक्षपातीपणे करणारा अधिकारी मानला जातो.

सर्वेक्षक जो लेखी निर्णय देतात त्यास निवाडा म्हणतात. कोणते काम, कोणत्या पद्धतीने आणि केव्हा करावे, याचा त्यात उल्लेख असतो. मोठ्या आवाजाचे काम ठरावीक तासांपुरते मर्यादित ठेवणे, भिंत उघडी पडल्यास ती पावसापासून झाकणे अशा अटीही त्यात घालतात. शेजारच्या घराच्या प्रत्यक्ष स्थितीची छायाचित्रांसह नोंद निवाड्यासोबत जोडण्याचा प्रघात आहे. काम संपल्यावर आढळलेला तडा आधीचा की नंतरचा, हे या नोंदीवरून ठरविता येते. निवाडा दोघांवर बंधनकारक असतो. तो मान्य नसल्यास चौदा दिवसांच्या आत काउंटी न्यायालयात अपील करावे लागते.

सामाईक भिंतींचे काम पाहणाऱ्या सर्वेक्षकांच्या इ.स. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे नाव 'पिरामस अँड थिस्बी क्लब' असे आहे. रोमन कवी ओव्हिड याच्या कथेतील शेजारी राहणारे हे प्रेमी दोन घरांमधील भिंतीच्या फटीतून एकमेकांशी बोलत असत.

खर्च, प्रवेश आणि भरपाई

काम ज्याच्या हितासाठी होत असेल त्याने खर्च करावा, हा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे वाढीव बांधकामाचा खर्च आणि बहुधा दोन्ही सर्वेक्षकांचे वाजवी शुल्क बांधकाम मालकावर पडते. भिंत नादुरुस्त असल्यामुळे दुरुस्ती करावी लागत असेल, तर दोघांच्या उपयोगाच्या आणि जबाबदारीच्या प्रमाणात खर्च विभागला जातो. एकाने स्वखर्चाने केलेल्या कामाचा दुसऱ्याने पुढे उपयोग केल्यास त्याला खर्चाचा वाटा द्यावा लागतो.

काम करण्यासाठी शेजाऱ्याच्या जागेत जाणे आवश्यक असल्यास चौदा दिवसांची सूचना देऊन प्रवेश करता येतो. तातडीच्या प्रसंगी शक्य तितकी सूचना पुरते. हक्काने होणारा प्रवेश जाणूनबुजून अडविणे हा गुन्हा आहे. दुसरीकडे, शेजाऱ्याला अनावश्यक त्रास न देणे आणि कामामुळे झालेली हानी भरून देणे बांधकाम मालकावर बंधनकारक असते. दुरुस्ती करून घेण्याऐवजी तिची रक्कम मागण्याचा पर्यायही शेजाऱ्याला असतो. काम अर्धवट सोडले जाण्याची भीती असल्यास शेजारी आधीच हमी रक्कम मागू शकतो.

उदाहरण

रांगेतील एका घराच्या मालकाला स्वयंपाकघर मागील बाजूस ३ मीटर वाढवायचे आहे, असे समजू. नवी भिंत सीमेला लागून पण स्वतःच्या जागेत येणार असल्याने कलम १ लागू होते. जुनी मागची भिंत काढून तेथे बसविण्याच्या पोलादी तुळईचे टोक सामाईक भिंतीत टेकणार असल्याने कलम २ लागू होते. नवा चर शेजारच्या पायापेक्षा खोल जाणार असल्याने कलम ६ लागू होते. तिन्ही नोटिसा एकाच वेळी देता येतात. पण त्यांतील सर्वांत मोठी मुदत दोन महिन्यांची आहे. म्हणून १ जूनला काम सुरू करावयाचे असल्यास मार्चअखेरपर्यंत नोटिसा पोहोचलेल्या असाव्या लागतात. शेजाऱ्याने संमती न दिल्यास सर्वेक्षकांची नेमणूक, पाहणी आणि निवाडा यांस आणखी वेळ लागू शकतो. ठेकेदाराशी तारीख ठरवून नंतर नोटीस देणाऱ्यांची या टप्प्यावर अडचण होते.

नोटीस न दिल्यास

नोटीस न देणे हा स्वतंत्र गुन्हा नाही आणि त्यासाठी दंडाची तरतूदही नाही. मात्र शेजारी न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवून काम थांबवू शकतो. अर्धवट उघडे घर, थांबलेले मजूर आणि न्यायालयीन खर्च असे तिहेरी नुकसान त्यातून होते. इ.स. २००३ मधील एका निकालात अपील न्यायालयाने असे मत मांडले की नोटीस टाळणाऱ्याला त्या चुकीचा पुराव्याच्या बाबतीत लाभ मिळू नये. आधीच्या स्थितीची नोंद नसेल, तर काम आणि हानी यांतील संबंध न्यायालय परिस्थितीवरून काढू शकते.

इ.स. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने या प्रश्नाची दुसरी बाजू स्पष्ट केली. बांधकाम मालकाने नोटीसच दिली नसेल तर कायद्यातील सर्वेक्षक व निवाडा यांची यंत्रणा सुरू होत नाही आणि शेजारी ती आपणहून सुरू करू शकत नाही, असा निर्णय त्याने दिला. अशा वेळी शेजाऱ्याला अतिक्रमण, उपद्रव इत्यादी सामान्य कायद्यातील दाव्यांचा, म्हणजे अधिक खर्चिक मार्गाचा, आधार घ्यावा लागतो. नोटीस ही दोघांच्याही संरक्षणाची किल्ली आहे, हे या निर्णयावरून दिसते.

इतर परवानग्यांशी संबंध

नियोजन परवानगी, इमारत नियमांची मंजुरी आणि सामाईक भिंतीची प्रक्रिया या तीन स्वतंत्र बाबी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरीची गरज संपत नाही. इंग्लंडमध्ये चिकटलेल्या घरामागे ३ मीटरपर्यंतचे एकमजली वाढीव बांधकाम काही अटींवर स्वतंत्र नियोजन अर्जाशिवाय करता येते. ६ मीटरपर्यंतच्या बांधकामासाठी स्थानिक प्राधिकरणाला आधी कळवावे लागते आणि शेजाऱ्यांच्या हरकती मागविल्या जातात. अशी सवलत असली तरी १९९६ च्या कायद्याखालील नोटीस द्यावीच लागते. सीमारेषा नेमकी कोठे आहे हा वाद या कायद्याने सुटत नाही. शेजाऱ्याच्या खिडकीला मिळालेला प्रकाशाचा हक्क किंवा तत्सम सुविधाधिकारही त्याने कमी होत नाहीत.

शेजारसंबंधांवरील परिणाम

औपचारिक नोटीस देण्यापूर्वी शेजाऱ्याशी प्रत्यक्ष बोलावे, असा सल्ला शासकीय मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेला आहे. कायदेशीर भाषेतील कागद अचानक दारात पडल्यास शेजारी धास्तावतो आणि बचावासाठी असहमती कळवतो. तोच नकाशा आधी समोर बसून दाखविल्यास त्याच्या शंका बहुधा व्यावहारिक असल्याचे आढळते. धूळ किती उडेल, काम किती दिवस चालेल, लहान मुलाच्या किंवा आजारी माणसाच्या विश्रांतीच्या वेळी आवाज होईल का, तडा गेल्यास कोण दुरुस्त करील, असे ते प्रश्न असतात. त्यांची उत्तरे लेखी दिल्यास संमती मिळण्याची शक्यता वाढते आणि सर्वेक्षकांचा खर्चही वाचू शकतो.

संबंध बिघडल्यास त्याचा आर्थिक परिणामही होतो. इंग्लंड व वेल्समध्ये घर विकताना प्रचारात असलेल्या माहितीपत्रकात शेजाऱ्यांशी झालेल्या वादांची आणि दिलेल्या-घेतलेल्या नोटिसांची माहिती विचारली जाते. एका मोसमातील बांधकामावरून झालेला तंटा अशा प्रकारे अनेक वर्षांनी खरेदीदाराला मागे हटविण्यास कारण होऊ शकतो.

महाराष्ट्रातील स्थितीशी तुलना

महाराष्ट्रात सामाईक भिंतीवरील कामांसाठी आगाऊ नोटीस, सर्वेक्षक आणि निवाडा अशी यंत्रणा असलेला स्वतंत्र कायदा नाही. जुन्या वाड्यांच्या आणि पेठांमधील घरांच्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिताना भिंत सामाईक आहे की स्वतःची, याचा उल्लेख आढळतो आणि वादाच्या वेळी तो महत्त्वाचा पुरावा ठरतो. शेजारच्या जमिनीने द्यावयाच्या आधाराचा प्रश्न भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याखाली येतो. हा अधिनियम इ.स. १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू करण्यात आला. नैसर्गिक स्थितीतील जमिनीला आधाराचा हक्क त्यात मान्य केला आहे. इमारतीला मात्र असा हक्क वीस वर्षांच्या अखंड व शांततापूर्ण उपभोगाने मिळू शकतो. मतभेद झाल्यास दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम किंवा नुकसानभरपाई मागावी लागते. इंग्लंडमधील व्यवस्थेशी तुलना करता मुख्य फरक प्रक्रियेचा आहे. तेथे भिंतीला हात लावण्यापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांना कायद्याने चर्चेच्या टप्प्यावर आणले जाते. येथे तो टप्पा उभयतांच्या समजुतीवर सोडलेला आहे.